आपल्याच पेशींची कूर्चा: एका गुडघ्याचं सविस्तर परीक्षण

ज्यांच्या गुडघ्यात एकाच जागची कूर्चा, म्हणजे हाडावरची ‘गादी’, उखडली आहे, वय पन्नाशीच्या आत आहे आणि ज्यांना निदान वर्षभर नेमाने व्यायाम करणं शक्य आहे, त्यांनी आपल्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत गुडघ्यात भरण्याच्या या उपचाराचा जरूर विचार करावा. ज्यांचा सगळा गुडघाच संधिवाताने झिजला आहे त्यांच्यासाठी हा उपचार नाही. कोणी तसं सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पुढे सविस्तर लिहिते आहे, कारण मी स्वतः मराठीत शोधत होते तेव्हा जाहिरातींखेरीज हाताला काही लागलं नाही.

मी पुण्यात पेठेतल्या एका मराठी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. शाळा-कॉलेजात खो-खो खेळले, आता मुलींचा संघ घडवते. खो-खोत पाठलाग करणारे आठ जण चौरसात बसलेले असतात आणि पाठीवर खो पडला की त्याच क्षणी उठून धावायचं असतं. हे बसणं-उठणं सगळं गुडघ्यावर. माझा डावा गुडघा जुन्या पडण्यातून दुखावला होता. आधी सराव संपल्यावर सूज यायची, मग जिना उतरताना आत काहीतरी अडकायला लागलं, आणि शेवटी मुलींना बसण्याची पद्धत दाखवायला खाली बसले की उठताना खांबाचा आधार घ्यावा लागायला लागला. एक्स-रे चांगला आला. तो चांगलाच येणार, एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. एमआरआय केल्यावर कळलं की मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या टोकावर साधारण चार चौरस सेंटिमीटरचा भाग हाडापर्यंत उघडा पडला आहे.

कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, पांढरं आवरण, ज्याला आपण सगळे ‘गादी’ म्हणतो. गुडघ्यात ते दोन-चार मिलिमीटर जाड असतं. त्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. आत थोड्याशा पेशी असतात आणि त्यांना खाऊ मिळतो तो सांध्यातल्या द्रवातून, तोही गुडघा हलला, दाबला गेला, सुटला की. रक्त पोहोचत नाही म्हणून जखम झाली तर ती भरत नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू मला नंतर समजली आणि तेव्हापासून माझं या विषयाचं वाचन थांबलेलं नाही: जी ऊती रक्ताशिवाय जगते, तीच शरीराबाहेर वाढवायला आणि परत आत ठेवायला सगळ्यांत सोपी. ठेवल्या ठेवल्या तिला रक्तवाहिन्या जोडाव्या लागत नाहीत.

उपचाराचं नाव ऑटोलॉगस कॉन्ड्रोसाइट इम्प्लांटेशन, थोडक्यात एसीआय. आपल्याच गुडघ्यातली थोडी कूर्चा काढायची, तिच्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि खड्ड्यात भरायच्या. हे कालपरवाचं नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला पहिली शस्त्रक्रिया १९८७ साली झाली आणि ब्रिटबर्ग, पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या २३ रुग्णांचा अनुभव १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांना दोन वर्षांनी चांगला किंवा उत्तम गुण होता. वाटीच्या मागे खड्डा असलेल्या सात जणांपैकी फक्त दोघांना. पद्धत तेव्हापासून सुधारली आहे, तरी हे आकडे मी डॉक्टरांसमोर ठेवले आणि माझा खड्डा नेमका कुठे आहे हे त्यांच्याकडून पडद्यावर बोट ठेवून दाखवून घेतलं. तुम्हीही घ्या. ‘गुडघ्यात खड्डा आहे’ एवढ्यावर कोणीही निर्णय घेऊ नये.

रुग्णालय पुण्यातलंच, मोठं, खासगी. त्याचं आणि पेशी वाढवणाऱ्या कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण मला उपचार तोलायचा आहे, आणि पुढे काही तक्रारीही आहेत. डॉक्टरांबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहिते. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “ताई, हा गुडघा बदलायचा नाहीये. यातला रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा भरायचा आहे. पण त्याआधी बाकीचा गुडघा धड आहे का ते बघू.” लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, सैल असेल, पाय धनुष्यासारखा वाकलेला असेल, मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली चकती, गेला असेल, तर नव्या कूर्चेवर तोच चुकीचा भार पडतो आणि तीही उखडते. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, वजनावरही बोलणं झालं.

इतर मार्गही त्यांनी समजावले. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये हाडाला बारीक भोकं पाडतात, रक्त वर येतं, त्यातून भरणी तयार होते. स्वस्त, एकाच शस्त्रक्रियेत काम होतं. पण तयार होते ती व्रणासारखी तंतुमय कूर्चा, मूळची काचेसारखी नाही, आणि मोठ्या खड्ड्यात ती काही वर्षांत दमते. दुसरा मार्ग म्हणजे गुडघ्यातल्याच कमी भाराच्या जागेवरून हाडासकट गोल खुंट्या काढून बसवणं. तो छोट्या खड्ड्याला चांगला, पण माझ्या खड्ड्यासाठी इतक्या खुंट्या काढायच्या कुठून? २०१४ मध्ये १४४ रुग्णांवरची एक तुलना प्रसिद्ध झाली, कोलॅजनच्या पातळ पडद्यावर वाढवलेल्या पेशी विरुद्ध मायक्रोफ्रॅक्चर. दोन वर्षांनी दुखणं आणि हालचाल या बाबतीत पेशींचा गट पुढे होता, पण एमआरआयमध्ये आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. हेही मला डॉक्टरांनीच सांगितलं. विकायला बसलेला माणूस हे सांगत नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

पहिली शस्त्रक्रिया, म्हणजे बायोप्सी, अगदी छोटी. दुर्बिणीतून गुडघ्यातल्या भार न येणाऱ्या कडेवरून तांदळाच्या काही दाण्यांएवढी, दोन-तीनशे मिलिग्रॅम कूर्चा काढली. संध्याकाळी घरी. ते तुकडे पुण्याबाहेरच्या प्रयोगशाळेत गेले.

तिथे काय होतं हे मला रुग्णालयाच्या माहितीपत्रकातून नाही, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळलं. ती आता पाषाणला एका प्रयोगशाळेत पेशींच्या संवर्धनाचं काम करते. शाळेत असताना पाठलागात तिच्याइतकी चपळ मुलगी दुसरी नव्हती. ती घरी आली, कागदावर चित्रं काढत बसली. “बाई, आधी एन्झाइमने कूर्चेचं जाळं विरघळवतात, मग पेशी सुट्या होतात. त्या प्लास्टिकच्या भांड्याला चिकटतात आणि पसरतात. सदतीस अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, ठरावीक दिवसांनी पोषणद्रव बदलायचा. भांडं भरलं की सोडवून नव्या भांड्यांत वाटून टाकायच्या. पण असं फार वेळा करता येत नाही.” का, असं मी विचारलं. कारण सपाट प्लास्टिकवर पसरत गेल्या की या पेशी हळूहळू कूर्चेच्या पेशी राहत नाहीत. कूर्चेला लागणारं टाइप-२ कोलॅजन हे प्रथिन बनवायचं सोडून त्वचेत आणि व्रणात असतं ते टाइप-१ बनवायला लागतात. म्हणजे पेशी भरपूरही हव्यात आणि त्यांनी आपला धर्मही सोडता कामा नये. या दोन टोकांमध्ये चार ते सहा आठवडे जातात. मधल्या काळात जंतू, बुरशी, मायकोप्लाझ्मा यांच्या तपासण्या होतात. मायकोप्लाझ्मा हाही जंतूच, पण इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही आणि भांडं गढूळही होत नाही, त्यामुळे त्याची तपासणी वेगळी करावी लागते. हे ऐकल्यावर मी कंपनीकडे माझ्या पेशींच्या तपासणीचा दाखला मागितला. तो आला: पेशींची संख्या, त्यांतल्या जिवंत किती, निर्जंतुकतेचा निकाल, वापराची मुदत. मागितला म्हणून आला. न मागता हातात पडायला हवा होता.

माझा दुसरा टप्पा भाद्रपदात आला. तयार झालेल्या पेशी तारीख पुढे ढकलून ठेवता येत नाहीत. पॅक केल्यावर त्यांची मुदत काही दिवसांचीच असते. गणपतीत संध्याकाळी पेठेतले रस्ते बंद, मिरवणुका, मांडव. रुग्णालयाच्या समन्वयक मॅडमनी हे सगळं आधीच धरून पेटी पहाटे पोहोचेल अशी व्यवस्था केली होती आणि सकाळची पहिलीच शस्त्रक्रिया माझी लावली. पेटीतल्या तापमानाच्या नोंदीची प्रतही माझ्या फाइलला लावली. या कामाला पैकीच्या पैकी गुण.

कंबरेखाली भूल होती, म्हणून मी जागी होते. गुडघ्यावर छोटा छेद घेऊन खड्ड्याच्या कडा सरळ आणि पक्क्या करून घेतल्या. तळाच्या हाडातून रक्त येऊ द्यायचं नाही, हे डॉक्टर सहायकांना बजावत होते. मग पेशी फायब्रिनच्या जेलमध्ये मिसळून खड्ड्यात सोडल्या. फायब्रिन म्हणजे रक्त गोठताना जे जाळं तयार होतं तेच. जेल बसायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ सगळे हात थांबवून उभे होते आणि सिस्टर वेळ सांगत होत्या. नंतर गुडघा वाकवून-सरळ करून भरणी हलत नाही ना ते पाहिलं.

आता तक्रारीकडे येते, आणि ती गंभीर आहे. पेशींच्या बाबतीत इतकी काटेकोर असलेली ही सेवा शस्त्रक्रिया संपल्यावर अक्षरशः संपली. घरी सोडताना हातात पडलं ते व्यायामाचं छापील पान लिगामेंटच्या शस्त्रक्रियेचं होतं. लिगामेंटच्या रुग्णाला फार लवकर पायावर भार द्यायला सांगतात. माझ्यासारखीला सुरुवातीचे काही आठवडे जवळजवळ भार द्यायचाच नसतो, आणि तरी गुडघा मात्र सतत हलवायचा असतो, कारण हालचाल हाच कूर्चेचा आहार. भार नको पण हालचाल हवी, ही या उपचाराची सगळी गोम आहे. तीच त्या पानावर नव्हती. मी या क्षेत्रातली असल्यामुळे लक्षात आलं. एखाद्या गृहिणीच्या किंवा रिक्षावाल्या दादांच्या लक्षात कसं यावं? त्यांनी ते पान पाळलं असतं तर लाखो रुपयांच्या पेशी पहिल्याच महिन्यात सोलून निघाल्या असत्या. डॉक्टरांना फोन केल्यावर त्यांनी लगेच योग्य वेळापत्रक लिहून दिलं, पण हे रुग्णाने फोन करून मिळवायचं नसतं.

फिजिओथेरपिस्ट मी स्वतः शोधली. तिने जे केलं त्याला तोड नाही. घरच्या वजनकाट्यावर डावा पाय ठेवायला लावून “एवढाच काटा हलला पाहिजे, याहून जास्त नाही” असं रोज शिकवलं. किती भार म्हणजे थोडा भार, हे पायाला कळायला तोच उपाय. गुडघा आपोआप वाकवणारं सीपीएम यंत्र भाड्याने आणलं. रोज काही तास पाय त्यात. आमचं घर वाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून मी कोथरूडला आईकडे तळमजल्यावर राहिले. गौरीचं जेवण पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसून केलं, आणि सासूबाई स्वतः पुरणपोळीचा डबा घेऊन बसने कोथरूडला आल्या. वॉकर, मग कुबड्या, मग एक कुबडी. पायऱ्या महिन्यांनी. पोहणं आणि सायकल आधी, धावणं खूप नंतर. ज्यांच्या घरी सांभाळायला माणूस नाही किंवा कामावरून इतकी सुट्टी मिळत नाही, त्यांनी हा भाग आधी सोडवावा आणि मगच बायोप्सीची तारीख घ्यावी. पेशी सहा आठवड्यांत तयार होतात. त्यांची कूर्चा व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि ते काम तुमच्या घरात होतं.

पैसे. एकूण खर्च सहा लाखांच्या आसपास गेला आणि त्यातला अर्ध्याहून जास्त भाग फक्त पेशींचा. विम्याने आधी नाकारलं. कारण दिलं की स्टेम सेल उपचार फक्त रक्ताच्या आजारांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठीच देय आहेत. विमा नियामकाच्या २०१९च्या यादीत स्टेम सेलबद्दल तसं आहे हे खरं, पण स्टेम सेल म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशी, आणि माझ्या गुडघ्यात त्या घातल्याच नव्हत्या. कूर्चेच्या परिपक्व पेशी काढल्या, वाढवल्या आणि परत ठेवल्या. डॉक्टरांच्या सहीचं पत्र, पेशींचा दाखला आणि उत्पादनाला केंद्रीय औषध नियंत्रकाची मंजुरी असल्याचा कागद असं सगळं जोडून पुन्हा अर्ज केला, तेव्हा मोठा भाग मिळाला. हे तीन कागद सुरुवातीलाच गोळा करा.

यावरून आठवलं ते सांगितलंच पाहिजे. शोधाशोध करताना मी एका क्लिनिकमध्येही गेले होते. तिथे गुडघा, मधुमेह, केस गळणं, मुलांचा स्वमग्नपणा या सगळ्यांवर ‘स्टेम सेल’चं एकच इंजेक्शन होतं. पेशी कुठून येतात, कुठे तपासतात, मंजुरी कोणाची, या एकाही प्रश्नाला उत्तर नाही, उलट “मॅडम, आज बुकिंग केलंत तर सवलत.” भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज स्टेम सेलचं बाकी सगळं नोंदणीकृत चाचणीतच करायचं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. हताश झालेल्या आई-वडिलांना तिथे रांगेत बसलेलं पाहून मला फार वाईट वाटलं. तिथे जाऊ नका.

माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांच्या मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे. पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, प्रतीक्षा यादीत त्यांचं नाव आहे. माझं ऐकून त्या स्टाफरूममध्ये आल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुमची कूर्चा वाढवली, तशी यांची किडनी नाही का वाढवता येणार?” त्यांना काय सांगायचं यासाठी मी बरंच वाचलं. नव्वदच्या दशकात उंदराच्या पाठीवर माणसाच्या कानाचा आकार वाढवलेलं छायाचित्र जगभर गाजलं होतं. तोही कान म्हणजे विरघळणाऱ्या साच्यावर वाढवलेली गायीची कूर्चाच होती. २००६ मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक अँथनी अटाला यांच्या गटाने सात मुलांना त्यांच्याच पेशींपासून वाढवलेली मूत्राशयं बसवल्याचा अनुभव ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. मूत्राशय म्हणजे पातळ भिंतीची पिशवी, तिला बाहेरून रक्तपुरवठ्याचं आवरण गुंडाळता येतं. पण किडनी, यकृत, हृदय हे घट्ट, जाड अवयव. पेशी रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे गेली की तिला प्राणवायू पोहोचत नाही. एवढ्या बारीक केशवाहिन्यांचं जाळं बाहेर विणून, त्यात रक्त गोठू न देता ते शरीराला जोडायचं, हे अजून जमलेलं नाही. आणि घाई केली की काय होतं तेही दिसलं आहे: कृत्रिम श्वासनलिकांवर रुग्णाच्या पेशी लावून बसवणारे शल्यचिकित्सक पाओलो माकियारिनी एकेकाळी जगभर नावाजले गेले, त्यांचे रुग्ण दगावले आणि २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची शिक्षा दिली. मी सहकाऱ्यांना म्हटलं, यांच्यासाठी आज आशा आहे ती अवयवदानाची. त्या दिवशी स्टाफरूममधल्या आम्ही बऱ्याच जणींनी अवयवदानाचे अर्ज भरले. या परीक्षणाचा तो विषय नाही, तरी लिहिते आहे.

म्हणूनच रुग्णालयाच्या लॉबीतल्या ‘नवा गुडघा, तुमच्याच पेशींपासून’ या फलकावर माझा आक्षेप आहे. तो काढावा असं मी त्यांना लेखी कळवलं आहे. नवा गुडघा कोणी वाढवत नाही. चार चौरस सेंटिमीटर भरणी आहे ती, आणि ती भरणी खरोखर अप्रतिम आहे. तिला मोठं करून सांगायची गरजच नाही.

दीड वर्षानंतर माझा गुडघा असा आहे: सूज नाही. अडकणं पूर्ण गेलं. एमआरआयमध्ये खड्डा भरलेला दिसतो, कडा आजूबाजूच्या कूर्चेशी जुळलेल्या आहेत, फक्त एका कोपऱ्यात रेघ दिसते, तिच्यावर लक्ष ठेवलं आहे. पर्वतीच्या पायऱ्या चढते आणि उतरते. उतरणं जास्त अवघड होतं, तेही जमतं. मुलींबरोबर हलकं धावते. चौरसात बसून खो घेऊन उठणं दाखवू शकते, खांबावर झेप मात्र मारत नाही आणि मारणारही नाही, डॉक्टरांनी मनाई केली आहे. फार वेळ उकिडवं बसलं की गुडघा आखडतो.

जायचं ठरवलंत तर पहिल्या भेटीत हे विचारा: खड्डा कुठे आणि किती मोठा, गुडघ्याची रेषा आणि लिगामेंट तपासलं का, पेशी कोण वाढवतं आणि त्यांच्याकडे मंजुरी आहे का, तपासणीचा दाखला मिळेल का, पेशी वाढल्याच नाहीत किंवा भांड्यात जंतू निघाले तर दुसऱ्या बायोप्सीचा खर्च कोणाचा. हा शेवटचा प्रश्न मी विचारला तेव्हा समोरच्यांना आत जाऊन विचारून यावं लागलं. उत्तर लेखी घ्या. आणि एसीआयच्या रुग्णांना व्यायाम दिलेली फिजिओथेरपिस्ट त्यांच्याकडे आहे का, हे नक्की विचारा. नसेल तर आधी ती शोधा, मग सही करा.